भिंतीआडची अकरा माणसं

स्फोट झाला, पडद्यावर नारिंगी गोळा फुगला, विरला, आणि भिंतीआडची अकराच्या अकरा माणसं होती तिथे उभी राहिली. मी खुर्चीत मागे टेकलो. जमलं, असं वाटलं. पुढे कित्येक दिवस ती अकरा माणसं तशीच उभी राहिलेली मला दिसत होती, आणि तोवर त्यांचं उभं राहणंच भीतीचं झालं होतं. पण त्या दुपारी नाही. त्या दुपारी मी उठून चहा घेतला.

हा गेम करमणुकीचा नव्हता. कोलकात्यात गार्डन रीचला नदीकडच्या रस्त्यावर एक मोठं गोदाम आहे, तिथे गॅसचे सिलिंडर रचून ठेवतात. तिथल्या कामगारांना अपघात झाला तर कुठे पळायचं, कुठे उभं राहायचं हे शिकवायचं होतं. आमच्याकडे त्या आवाराचा नकाशा आला, फोटो आले. आम्ही ते अंगण, ती शेड, ती साडेतीन फुटांची विटांची भिंत, सगळं कॉम्प्युटरवर उभं केलं. निळ्या हेल्मेटची अकरा माणसं केली, कारण एका पाळीत तिथे अकराच असतात. आणि स्फोटाचा मार कुणाला किती बसतो ते ठरवणाऱ्या सूचना, म्हणजे ती स्क्रिप्ट, माझ्याकडे आली.

ती स्क्रिप्ट ऐकायला सोपी आहे. स्फोटाच्या जागेभोवती एक अदृश्य गोळा कल्पायचा आणि गेम चालवणाऱ्या इंजिनला विचारायचं, या गोळ्यात कोण कोण आहे? इंजिन यादी देतं. मग एकेकाचं अंतर काढायचं. जवळच्याला जास्त मार, लांबच्याला कमी, गोळ्याच्या कडेला शून्य. प्रत्येकाचा जीव म्हणजे शंभर हा आकडा. त्यातून मार वजा करायचा. काही उरलं नाही की माणूस पडतो. शेवटचं एक काम म्हणजे भिंत बघायची. सिलिंडरचे उडणारे तुकडे विटांतून जात नाहीत, म्हणून स्फोटाच्या जागेपासून माणसापर्यंत एक सरळ किरण सोडायचा. किरण आधी भिंतीला लागला तर त्या माणसाला मार नाही.

हा भिंतीचा भाग मी सगळ्यात आधी लिहिला. सगळ्यात मन लावून लिहिला. त्याला कारण होतं.

आमचं गाव साताऱ्याकडे, हायवेला लागून. वडिलांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं पंक्चरचं दुकान होतं. मी नववीत असताना हवेच्या मशीनची टाकी फुटली. वडील टाकीपासून जेमतेम सात फुटांवर होते आणि मधे कमरेएवढी भिंत होती, तिच्यामागे टायर बुडवून बघायचा हौद. जोडीदार दुप्पट लांब, दारात उभा होता. तो जागेवर गेला. वडिलांचे दोन्ही कान गेले, पण अंगावर ओरखडा नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाक्य होतं, 'भिंतीनं वाचवलं.' आलेल्या प्रत्येकाला आई ते सांगायची. शाळा माझी तिथेच सुटली, दुकान मी चालवायला घेतलं. खंडेनवमीला आम्ही पाना, जॅक, नव्या मशीनला हार घालायचो, आणि एक हार त्या भिंतीला. विटांवर हळदीकुंकवाचा थर चढलेला. सात वर्षं मी स्वतःच्या हाताने तो हार घातला आहे.

दुकानात गिऱ्हाईक नसताना मी मोबाइलवर गेम खेळायचो, मग त्यातल्या फाइली उघडून बघायला लागलो, मग व्हिडिओ बघून इंजिन शिकलो. ताईच्या यजमानांची रेल्वेत बदली होऊन ते गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये आले तेव्हा ताई म्हणाली, 'इथं ये, काहीतरी बघू.' आलो. गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या आरतीला गेलो होतो, तिथे प्रसादाच्या रांगेत मागे एक बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मोबाइलवरचा ट्रकचा गेम बघितला.

'हे कुणी केलं?'

'मी.'

'चाक खड्ड्यात गेलं की गाडी खरंच कलते. हे कुणी शिकवलं?'

'चाकांचंच दुकान होतं आमचं.'

त्या हसल्या आणि बालीगंजचा पत्ता दिला. तीन पिढ्या कोलकात्यात काढलेलं मराठी घर. त्या इथल्याच शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर लहान मुलांसाठी आकड्यांचे गेम करायला लागल्या, आणि त्यातून घराच्या दुसऱ्या मजल्यावर चार जणांचं ऑफिस झालं. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. मी काकू म्हणतो, कारण पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलं, 'मला मॅडम म्हणू नकोस, माझं मराठी घरापुरतंच आहे, तेवढं तरी चालू राहील.'

फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी 'बारावी' लिहिलं. कुणी दाखला मागितला नाही. पण त्या रकान्याची धास्ती दोन वर्षं माझ्या पोटात राहिली. काकूंनी हाक मारली की आधी तेच डोळ्यांपुढे यायचं. त्या हाक मारायच्या, 'जेवलास का रे?' म्हणून.

मार अंतरानुसार कमी करायचा तेव्हा माझी पंचाईत झाली होती. प्रमाण ही गोष्ट शाळेत माझ्यानंतर शिकवली गेली असणार. मी टेबलावर शिवणाचा दोरा ताणला, त्याला शंभर खुणा केल्या, आणि बोट सरकवत सरकवत हिशेब डोक्यात बसवला. काकू मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक वही होती, त्यात त्यांच्या अक्षरात चार ओळींत तेच गणित, पायरी पायरीने. अशा माणसाचं मी देणं लागतो, या विचाराने आनंद व्हायला हवा. मला भीतीच वाटायची, की आपल्या हातून यांचं काहीतरी बिघडणार.

त्या महिन्यात मला सगळीकडे गोळे दिसायला लागले. बसस्टॉपवरच्या चहावाल्याचा सिलिंडर, त्याच्याभोवती गोळा, त्यात बाकावरचे चौघे. ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याखालचा सिलिंडर, आणि ताई त्याच्या इतकी जवळ की माराचा आकडा काढायचीही गरज नाही. 'असा काय बघतोस?' ती विचारायची. 'काही नाही, तू जरा इकडे ये,' मी म्हणायचो. ती येत नसे. पोळ्या कोण करणार?

रोज सकाळी बस त्या गोदामावरूनच जायची. फाटकाच्या गजांमधून अंगण दिसायचं. मी केलेलं अंगण आणि हे अंगण इतकं सारखं, की बाहेर निळी हेल्मेट हलताना दिसली की माझी बोटं आपोआप माउस धरल्यासारखी व्हायची.

तपासणीचं काम दिदीकडे होतं. दिदी बंगाली, माझ्याहून मोठी, आमच्याशी हिंदीत बोलायची आणि चिडली की बांगलात. माणसं मोकळ्यावर उभी केली तर पडत होती. जवळची आधी, लांबची नंतर, अगदी बरोबर. भिंतीआड नेली की एकही नाही.

'सब बच गया?' दिदी म्हणाली. 'एकदम सब? ओ महाराष्ट्र, तुम्हारा बम में बारूद है कि मुड़ी?' मुड़ी म्हणजे आपले चुरमुरे.

'दीवार है ना बीच में.'

'वो लंबूवाला भी बच गया?' अकरातला एक मी मुद्दाम उंच केला होता, सगळे एका साच्यातले वाटू नयेत म्हणून.

'दिदी, दीवार के पीछे आदमी बचता है. मैंने देखा है.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खांदे उडवून तिने आपल्या यादीत खूण केली. मी बघितलंय, असं मी म्हटलं होतं. आणि त्या दिवशी मी तर शाळेत होतो.

गोदामाचे साहेब गेम बघायला आले, तेव्हा काकूंनी मलाच तो चालवायला बसवलं. मी माणसं भिंतीआड नेली, स्फोट केला. नारिंगी गोळा, आवाज, अकरा माणसं उभी. साहेब खूष झाले. म्हणाले, भिंत सिलिंडरच्या शेडजवळच आहे, तिथे जमायला माणसांना अर्धं मिनिटही लागणार नाही, आता जमायची जागा तीच. काकूंनी त्यांच्यासमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. 'हा आमचा चाकांचा इंजिनिअर,' म्हणाल्या. इंजिनिअर हा शब्द ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

चारच दिवसांत साहेबांनी फोटो पाठवला. भिंतीच्या मागे जमिनीवर ठळक पिवळी रेघ आणि विटांवर हिरवा फलक, 'जमण्याची जागा'. म्हणजे मी पडद्यावर जिथे माणसं उभी केली होती, तिथे आता खरी माणसं उभी राहणार होती.

गेममधला तो अकरा माणसं उभी राहण्याचा क्षण मी वडिलांना दाखवायचा ठरवला. वडिलांना ऐकू येत नाही, पण टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते व्हॉइस मेसेज पाठवतात. स्वतःला ऐकू न येणारा आवाज, कधी फार मोठा, कधी पुटपुटल्यासारखा. मी लिहून उत्तर देतो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी गेमचा फोटो पाठवला. भिंत, मागे अकरा माणसं, समोर स्फोट. खाली लिहिलं, 'तुमची भिंत इथे कामाला आली.'

उत्तर आलं. मी गच्चीच्या जिन्यात उभा राहून ऐकलं.

'चांगलंय. पण तुझी माणसं उभी का हायत? मी उभा नव्हतो बाबा. व्हॉल्व्हची काळी टोपी पडली हातातनं, हौदाखाली गेली. ती बघाया वाकलो होतो, पार जमिनीला गाल लावून. उभा असतो तर डोकं गेलं असतं माझं. तुझी आई म्हणती भिंतीनं वाचवलं. म्हणू दे. त्या टोपीचं कुणी नाव काढत नाही.'

मी तो मेसेज पुन्हा लावला. आणि पुन्हा. मग खाली आलो आणि स्क्रिप्ट उघडली.

चूक शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इंजिनला 'हा माणूस कुठे आहे?' असं विचारलं, की ते त्याची एक जागा सांगतं. आमच्या माणसांची ती जागा होती दोन पावलांच्या मधे, जमिनीवर. मी किरण सोडत होतो तो त्यांच्या पायांकडे. आणि साडेतीन फुटांच्या भिंतीआड पाय नेहमीच झाकलेले असतात. छाती, गळा, तोंड, निळी हेल्मेट, सगळं भिंतीच्या वर उघडं होतं, आणि माझी स्क्रिप्ट फक्त पायांना विचारत होती, तुम्ही सुखरूप आहात ना?

ही नवशिक्याची चूक आहे, कुणीही केली असती. पण दुसऱ्या कुणीही ती पकडली असती. दिदीचा लंबूवाला भिंतीवरून अर्धा बाहेर दिसत होता, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला तो दिसला नाही. मला हार घातलेली भिंत दिसत होती.

मी माझ्या कॉपीत आणखी दोन किरण घातले, एक छातीकडे, एक डोक्याकडे. स्फोट केला. सात माणसं पडली. चार उभी राहिली, ती ओळीच्या अगदी टोकाला, स्फोटापासून लांब होती म्हणून. मी पुन्हा केला. सात. फाइल बंद केली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? सांगायला काकूंच्या टेबलापर्यंत आठ पावलं होती. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, हे तुला कळलं कसं नाही, शिकलास कुठे, आणि मग तो रकाना. मग गावी परत, तेच दुकान, तीच भिंत. मी स्वतःला म्हणत होतो, सोमवारी सांगू. साहेबांना अजून शेवटची फाइल द्यायची आहे, त्यात गुपचूप दुरुस्ती घालू. पण रेघ मारून झाली होती. ती कुठल्याही फाइलीत नव्हती.

शनिवारी जाताना बसमधून बघितलं तर फाटकात कुणी शिट्टी वाजवत होतं. निळी हेल्मेट शेडमधून धावत आली आणि भिंतीमागे ओळीने उभी राहिली. सराव चालला होता. एक हसत होता. भिंत त्याच्या पोटापर्यंत येत होती. बस सिग्नलला थांबली होती आणि मी मोजत होतो. पुढे निघाली तरी मी मान वळवून मोजतच होतो.

सोमवारी मी सांगितलं नाही. काकूंनी विचारलं, 'बरं वाटत नाही का? चेहरा काय केलायस?' मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्यांनी ताक करून आणलं. ते मी प्यायलो.

मंगळवारी विश्वकर्मा पूजा होती. त्या दिवशी कोलकाता यंत्रांना हार घालतं. रिक्षा, बस, लेथ, प्रेस, सगळं झेंडूत, आणि आकाशात पतंग. काकू म्हणायच्या, आमच्याकडे खंडेनवमी जरा लवकर येते. त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरना गंध लावायला बोलावलं होतं. मी बसमध्ये खिडकीशी बसलो. गोदामाचं फाटक त्या दिवशी सताड उघडं होतं. शेडला हार, ट्रकला हार, वजनकाट्याला हार. आणि भिंतीला. हिरव्या फलकाच्या दोन्ही बाजूंनी झेंडूची जाड माळ, आणि एक म्हातारा कामगार विटांना शेंदूर लावत होता, हळू, नीट, चारी बोटांनी, आमची आई लावते तसा.

ऑफिसात शिरलो तेव्हा काकू हातात कुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. दिदी कीबोर्ड पुसत होती.

'ये, तुझ्या मशीनला तू लाव.'

'काकू, एक चूक झालीय.'

मी कॉम्प्युटर चालू केला. आधी जुनी स्क्रिप्ट दाखवली, अकरा उभी. मग नवी. सात पडली. किरण पायांकडे जात होता, हे सांगितलं. बोलताना माझा आवाज वडिलांसारखा झाला होता, मधेच मोठा, मधेच बारीक.

दिदी पुढे आली, पडद्याकडे वाकली. 'लंबूवाला,' एवढंच म्हणाली.

काकूंनी वाटी खाली ठेवली. 'कधी कळलं तुला?'

'शुक्रवारी.'

'आज मंगळवार.'

मी माउसवरून हात काढला.

'त्यांनी रेघ मारली आहे. माणसं रोज तिथे उभी राहतात. आणि तू माझं ताक प्यायलास.'

मग माझ्या तोंडून ते निघालं, कुणी न विचारता. 'काकू, मी बारावी नाही. दहावीही नाही. नववीत सोडली. म्हणून बोललो नाही.'

त्यांनी चष्मा काढला. 'तू दोरा घेऊन प्रमाण काढत होतास, तेव्हाच मला समजलं. पस्तीस वर्षं शिकवलंय मी. शाळेचं मला काही नाही रे. मला लागलं ते या चार दिवसांचं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. या चार दिवसांत तिथे काही झालं असतं, तर?'

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. फोन उचलला. साहेबांशी त्या इंग्रजीत बोलल्या, आधी शांत, मग आणखी शांत. मला एक बाजूच ऐकू येत होती. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, बहुधा मला ऐकवायलाच.

साहेब हिंदीत म्हणत होते, 'मॅडम, इतनी सी बात? गेम में दीवार थोड़ी ऊँची कर दीजिए. सात फुट. फिर सब बच जाएँगे.'

'गेम की दीवार?' काकूंनी विचारलं.

'हाँ हाँ, गेम की. असली वाली में तो परमिशन का झंझट है.'

'तो फिर सिलिंडर भी गेम के ही रखिए,' काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. 'लॅपटॉप घे. ती माणसं आज पूजेला सगळी एका जागी असतील.'

टॅक्सीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दर सिग्नलला पतंग पकडायला धावणारी पोरं आडवी येत होती. मी लॅपटॉप छातीशी धरून बसलो होतो. नोकरी राहिली की गेली, विचारायची हिंमत नव्हती, आणि खरं तर त्या वेळी तो प्रश्न कुठेतरी मागे पडला होता. मी फक्त मोजत होतो, फाटकापर्यंत किती सिग्नल उरले.

साहेब नव्हते. कामगार शेडबाहेर खिचडी खात होते. मला वाटलं होतं ते आम्हाला हाकलतील. त्यांनी द्रोण पुढे केले. काकूंनी खिचडी घेतली, एका उलट्या खोक्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, 'दाखव.'

मी लॅपटॉप ड्रमवर ठेवला. निळी हेल्मेट पडद्यावर दिसली तसे सगळे गोळा झाले. हसायला लागले. 'अरे, ये तो हम लोग है!' कुणी म्हणालं, 'मेरा वाला कौन सा है?' शेंदूर लावणारा म्हातारा पुढे आला. बोटांवर शेंदूर तसाच होता. तो उंच होता. त्याने पडद्यावरच्या लंबूवर बोट ठेवलं. 'ये मैं.'

मी स्फोट केला. सात पडले. लंबू सगळ्यात आधी.

हसणं थांबलं. कुणीतरी मागून म्हणालं, 'लेकिन साहब ने दिखाया था, सब खड़ा था.'

'वो ग़लत था,' मी म्हणालो. 'वो ग़लती मेरी थी.' आणि पायांचं सांगितलं. माझं हिंदी तुटकं, पण त्यांना कळलं. म्हातारा उठला, भिंतीमागे पिवळ्या रेघेवर जाऊन उभा राहिला. माळ त्याच्या बेंबीशी आली. त्याने स्वतःच्या छातीकडे बघितलं, मग शेडकडे, सिलिंडरच्या रांगांकडे. परत आला.

'बैठ जाएँ तो?'

त्यासाठीची कळ मी आधीच केली होती, शुक्रवारी, वडिलांचा मेसेज ऐकल्यावर. दाबली. अकराही माणसं भिंतीआड वाकली, गुडघ्यात डोकं घालून. स्फोट केला. एकही पडलं नाही.

'देखा!' दोघेतिघे एकदम म्हणाले.

म्हाताऱ्याने हात वर केला. ते गप्प झाले. त्याने मला विचारलं, 'आवाज़ के बाद बैठने का टाइम कितना मिलता है?'

मी स्क्रिप्टकडे बघितलं, जसं काही तिथे दुसरं उत्तर असेल. माझ्या स्क्रिप्टमध्ये आवाज आणि मार एकाच क्षणी होतात. एकाच ओळीखाली दुसरी ओळ.

'मिलता नहीं,' मी म्हणालो. 'मेरे बाबा का कुछ गिर गया था. वो पहले से झुके हुए थे.'

तो भिंतीकडे गेला. मला वाटलं माळ काढेल. त्याने काढली नाही. पूजेची माळ त्याच दिवशी कशी काढणार? त्याने फक्त शेंदराचा हात विटांना पुसला.

नोकरी राहिली. काकू म्हणाल्या, 'तुला काढून मी काय करू? नवा येणारा पुन्हा पायच बघेल, तू आता नाही बघणार.' पण पाठीवर हात त्यांनी त्यानंतर ठेवलेला नाही. साहेबांना त्यांनी दुरुस्त फाइल आणि एक पत्र पाठवलं, वरच्या ऑफिसलाही त्याची प्रत पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही. गोदामाचं काम आमच्याकडून गेलं. दिदी आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टला पहिला प्रश्न विचारते, 'किसका पैर देखा, किसका मुंडी?' मी रागावत नाही.

वडिलांना मी लिहिलं, तुमचं बरोबर होतं, माणसं उभी नको होती. त्यांचा मेसेज आला, फार मोठ्या आवाजात. 'मग हलवलीस का न्हाई?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. रोज सकाळी बस तिथून जाते. माळ वाळून काळी झाली आहे, रेघ तशीच पिवळी. म्हाताऱ्याने पाळीला सांगितलंय, शिट्टी झाली की फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे. काही दिवस सगळेच्या सगळे सकाळचा चहाही पलीकडे उभे राहून प्यायचे. मी खिडकीतून मोजायचो, अकरा. पण पाऊस सरला, ऊन वाढलं, आणि शेडची सावली सकाळी त्या भिंतीमागेच पडते. काल पलीकडे नऊ होते. दोघे भिंतीला पाठ टेकून, रेघेवर पाय पसरून, कप हातात घेऊन बसले होते. बसलेले होते, एवढंच मी स्वतःला सांगितलं, आणि बस सुटायच्या आत ते उठू नयेत म्हणून बघत राहिलो.